अठराव्या चौकोनातलं वादळ

सिंगापुरात सेम्बावांगच्या फ्लॅटमध्ये मी सकाळी कपडे वाळत घालत होते, तेव्हा लेकीचा फोन आला. ती अमेरिकेच्या मध्यभागातल्या एका शेतवस्तीत राहते. तिच्याकडे अजून कालची संध्याकाळ होती. मागे भोंगा वाजत होता.

"आई, टोर्नेडोचा इशारा आलाय. तळघरात चाललेय. घाबरू नकोस."

"एकटीच आहेस?"

"घरमालकीणबाईंची मांजर आहे ना. तुझ्यापेक्षा शांत आहे ती."

फोन तुटला.

ती तिथे मातीवर संशोधन करायला गेली, तेव्हा आम्ही दोघांनी तिची टाउनशिप, म्हणजे तिथला तालुक्यासारखा भाग, अभ्यासाला घेतली. इतिहास माझ्याकडे, भूगोल यजमानांकडे. तिथे पूर्वी दलदल होती, नंतर आलेल्या शेतकऱ्यांनी जमिनीखाली भाजक्या मातीचे पाइप पुरून पाणी काढलं, हे मी त्यांना एका पुस्तकातून वाचून दाखवत असे. त्याआधीच्या मूळ रहिवाशांना हुसकावल्याबद्दल त्या पुस्तकात एकच परिच्छेद होता. यजमानांनी जुना नकाशा छापून भिंतीवर लावला होता. सहा मैल लांब, सहा मैल रुंद असा चौरस, त्यात मैलामैलाचे छत्तीस चौकोन, प्रत्येकाला नंबर. सोळावा चौकोन शाळेसाठी राखीव असे. लेक तिथेच, जुन्या शाळेशेजारी राहते.

गेल्या वर्षी हे गेले. मी वाचत राहिले, पण नकाशा गुंडाळून कपाटावर ठेवून दिला.

तिथल्या अग्निशमन स्वयंसेवकांचं वायरलेसवरचं बोलणं इंटरनेटवर ऐकू येतं. ते लावलं. खरखरीतून एक माणूस म्हणाला, "अठरा नंबरात खाली उतरलंय. पूर्वेकडे सरकतंय."

मी मनात चौकोन मोजले. एका ओळीत सहा, म्हणजे अठरावा तिसऱ्या ओळीच्या उजव्या टोकाला. लेकीचं घर त्याच्या डावीकडे. वादळ तिला ओलांडून गेलं होतं. मी मेसेज टाकला: "पुढे गेलं. वर आलीस तरी चालेल." मेसेज पोचल्याच्या दोन टिक उमटल्या.

मग खात्री करावी म्हणून नकाशा काढला.

अठरावा चौकोन डाव्या टोकाला होता. आकडे वरच्या उजव्या कोपऱ्यातून सुरू होऊन डावीकडे जात होते आणि खालच्या ओळीत उलटे फिरत होते. "शेताच्या टोकाला नांगर वळतो ना, तसं," असं यजमानांनी मला एकदा सांगितलं होतं. मी पुस्तकातून मान वर न करता "हं" म्हटलं होतं.

वादळ तिला ओलांडून गेलं नव्हतं, तिच्या दिशेने येत होतं.

"वर येऊ नकोस" असं लिहिलं. एकच टिक. पुन्हा लिहिलं. एकच टिक. फोन लागेना. वायरलेसवर तोच माणूस म्हणाला, "सतरा." मग नुसती खरखर. बाहेर लख्ख ऊन होतं, शेजारचा मुलगा शाळेला जाताना लिफ्टचं बटण पुन्हा पुन्हा दाबत होता, आणि मी नकाशावरच्या सोळाव्या चौकोनावर तळहात दाबून उभी होते. यजमानांच्या शेवटच्या दिवसांत हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्येसुद्धा मला एवढी भीती वाटली नव्हती. तिथे निदान मी कुणाला काही चुकीचं सांगितलं नव्हतं.

किती वेळ गेला, कळलं नाही. फोन वाजला.

"बरी आहे गं मी. गोठ्याचं छप्पर गेलं. शाळेची भिंत पडली."

"माझा मेसेज…"

"वाचला ना! सिंगापुरात बसून हवामान खातं चालवतेयस होय?" ती हसली. मला हसता येईना. तेव्हा तीही थांबली.

"आले होते वर," ती हळू म्हणाली. "जिना चढून दाराला खांदाही लावला. उघडेना. वाऱ्याने दाबून धरलं होतं."

ती श्वास घेत होती, तो मला ऐकू येत होता. फोन कुणीच ठेवला नाही.