रिकामा माग

तेलाचे भाव जगभर भडकले, त्या वर्षी सोलापुरात रंग आणि सूतही महागलं. व्यापारी चादरी उचलेनासे झाले. एकेक माग थांबत आमची गल्ली मुकी झाली. फक्त एका विणकराचा हातमाग दिवसभर खटखटत असे. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही.

एकदा दारातून डोकावलो. धोटा इकडून तिकडे धावत होता, पण मागावर सूतच नव्हतं.

"हवेची चादर विणतोय येडा," शेजारचा चहावाला हसला.

विणकराने डोळ्यांनीच गप्प राहायला खुणावलं. पडद्याआड खाटेवर त्याची आंधळी आई होती.

"काम गेलं कळलं, तर अम्मा आपला घास सोडंल," तो कुजबुजला.

थंडीत ती गेली. तिरडी दारात तयार होती, आणि आतून खटखट चालूच होती. त्याच वर्षी मीही आईला पोचवून आलो होतो. त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणालो, "आता थांबवा. अम्मा गेल्या."

"व्हय. पन अजून घरात हाय की."

लोक खोळंबले होते. मडकं त्यालाच धरायचं होतं. मी त्याला उठवलं आणि त्याच्या जागी बसलो. गल्लीच्या वळणापलीकडे तिला नेईपर्यंत माग मी चालवला.