सिगारला दहापैकी किती

माझा धाकटा भाऊ मालवाहू जहाजावर नोकरी करतो. सुट्टी लागली की तडक मुखेडला माझ्याकडे येतो आणि पहिल्याच दिवशी मटणाची फर्माईश करतो. गेल्या हिवाळ्यात आला तेव्हा त्याच्या बॅगेत एक लाकडी डबी होती. डबीत तीन सिगार, अंगठ्याहून जाड, काळपट तपकिरी, त्याच्या साहेबाने खूश होऊन दिलेले. किंमत मी विचारली नाही. विचारली असती तर भांडण झालं असतं. त्या दुपारी आम्ही गच्चीवर सिगारला गुण देत बसलो होतो आणि पणाला लागला होता माझ्या नवऱ्याचा जीव. मला ते फार उशिरा कळलं.

त्या रविवारी मी दोन पातेल्यांत रस्सा केला होता. एक काळ्या मसाल्याचा, नेहमीचा. दुसरा नुसता हळद-मिठाचा, नवऱ्यासाठी. वर्षभर त्याला तिखट चालत नव्हतं. "पित्त वाढलंय," म्हणायचा. ठेच्याशिवाय ज्याचा घास उतरत नसे, तो माणूस भाकरी दुधात कुस्करून खायला लागला होता आणि मी त्याला म्हातारा म्हणून चिडवत होते. पित्तावरचं चूर्णही मीच आणून देत होते.

जेवणं झाल्यावर आम्ही तिघं गच्चीवर पत्र्याच्या सावलीत बसलो. भावाने सिगारचं टोक ब्लेडने कापलं, सावकाश फिरवत दुसरं टोक पेटवलं आणि खिशातून छोटी वही काढली.

"धूर गिळायचा न्हाई. तोंडात फिरवायचा, टाळूला लावायचा, सोडायचा. मग कशाकशाची चव लागली ते सांगायचं आन् दहापैकी गुण द्यायचे."

त्याने स्वतः मिरी, कॉफी आणि लाकूड असं लिहून आठ गुण दिले. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "अक्का, तुला न्हाई झेपायचा."

झालं. शेजारच्या गच्चीवर कुणी नाही हे बघितलं आणि मी सिगार ओढला. आधी जिभेच्या शेंड्याला लवंग-मिरीची कुटताना बसते तशी धग बसली. पाठोपाठ कडवटपणा, धणे जरा जास्त भाजले गेल्यासारखा. गोडवा होता, पण फार उशिरा आला.

"सात," मी म्हटलं. "मसाला चांगलाय, पण भाजणाऱ्याचं लक्ष नव्हतं."

आता पाळी नवऱ्याची. खत-बियाण्यांच्या दुकानात बसून गिऱ्हाइकांसोबत तंबाखू मळत आयुष्य घालवलेला हा माणूस म्हणजे आमच्यातला खरा जाणकार. गुटख्याची पुडी मी दोन वर्षांपूर्वी सोडवली होती, म्हणजे घरात तरी. त्याने सिगार बोटांत फिरवला, नाकाजवळ नेला, हलकेच दाबून पाहिला. "पान मुरलेलं हाय. वल बराबर ठिवलीय."

"आता वढा."

"वढतो की." पण ओढेना. हा कुठल्या देशातला, किती वेळ जळतो, राख पडत कशी नाही, असं विचारत राहिला. मग सिगार परत पुढे केला. "तूच घे, वाया चाललाय."

"दाजी, तुमच्या गुणांबिगर वही पुरी व्हत न्हाई."

मलाही वैताग आला. "घ्या की एकदाचा! नव्या नवरीसारखं काय लाजताय?"

त्याने सिगार तोंडाशी नेला. मधून कोपऱ्याकडे सरकवला, परत मधे आणला. ओठ पुढे आले, दात मात्र उघडले नाहीत. सिगार दातांवर आपटल्याचा बारीक आवाज मी ऐकला.

"लई जाड हाय राव."

"तोंड उघडा की दाजी!" भाऊ हसत होता.

शेवटी नुसत्या ओठांनी धरून त्याने झुरका घेतला आणि दोन्ही हातांनी गाल दाबून खाली वाकला. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. ठसका नव्हता तो. तोंडात निखारा ठेवल्यासारखा तो तळमळत होता.

"उस्तादाला मिरची लागली!" भाऊ खो-खो हसला.

मी हसले नाही. मला एकेक आठवायला लागलं. नांदेडला पाणीपुरीच्या गाड्यावर हा "घाण पाणी असतंय" म्हणून बाजूला उभा राहिला होता. केळं सुरीने चिरून खायचा. दात घासताना न्हाणीचं दार लावून घ्यायचा.

आमच्या जिल्हा परिषद शाळेत तंबाखूमुक्तीचं काम माझ्याकडे आहे. प्रशिक्षणात शिकवलं होतं की, तीन बोटं एकावर एक उभी धरून तोंडात गेली पाहिजेत. जात नसतील तर तोंड आखडायला लागलंय, आणि पुढे त्यातून कॅन्सर होऊ शकतो. चौथीच्या वर्गातल्या एकूण एक पोराचं तोंड मी तपासलं होतं. घरातलं एक तोंड तपासायचं मला सुचलं नव्हतं.

"आ करा," मी म्हटलं.

"काय बघून राहिलीस? ठसका लागलाय. गप बस."

"आ करा म्हणते ना!"

भावाचं हसू थांबलं. नवऱ्याने त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि तोंड उघडलं. मी बोटं एकावर एक उभी धरली. एक बोट आत गेलं. दुसरं दातांना अडलं. आतून गाल दोरीसारखा ताठ लागला.

"अजून उघडा."

त्याने नुसती मान हलवली. मी बोट काढल्यावर म्हणाला, "येवढंच हाय."

मला इतकी भीती वाटली की मी त्याच्यावर ओरडलेच. "कधीपासून कळलंय तुम्हाला?"

त्याने खाली पडलेला सिगार उचलून भावाकडे दिला.

"तू टरेनिंगहून आलीस आन् जेवताना बोटं घालून दाखिवलीस ना, त्या दिवसापासून मोजतो. रोज," तो म्हणाला. "तवा दोन जात व्हती."