बुरुलकानच्या छपरावरचं पांढरं फडकं

बुरुलकान एजे आम्हा सगळ्यांचीच मोठी बहीण, म्हणून एजे. आवाज तिचा गावाला पाठ. तोंड मात्र वर्षाकाठी एकदा दिसलं तर दिसलं. नदी खिंडीतून बाहेर पडते तिथल्या कड्यावर तिचं घर. नवरा पाणी मोजायच्या नोकरीवर होता. तो गेला तशी पाण्यातली रंगवलेली पट्टी हिच्या गळ्यात आली. रोज सकाळी ती खाली गावच्या कारभाऱ्याला, कादिरकुलला, फोन करून पाणी किती ते सांगायची. तो “बरं, बरं” म्हणायचा.

“अरे, ठेवू नकोस. घोडी व्याली का तुझी?” असं ती विचारेपर्यंत यानं फोन ठेवलेला असायचा.

पूर्वी एकदोनदा तिनं “पळा” म्हटलं, आम्ही गाद्या-गालिचे पाठीवर घेऊन टेकडीवर बसलो, आणि खालून नुसतं गढूळ पाणी गेलं. तेव्हापासून गाव म्हणायचं, म्हातारीला करमत नाही, मग पूर आणते.

त्या उन्हाळ्यात गवत पार करपलं. आमच्याकडे अशा वेळी सगळं गाव नदीकाठी जमतं, मेंढी कापतं आणि पावसासाठी हात पसरतं. मांस रटरटत होतं, मी कांदा चिरत होतो. बघता बघता नदी आटली. गोटे उघडे पडले, डबक्यांत मासे तडफडायला लागले. लोक हसत पात्रात उतरले. वरच्याला आमची दया आली म्हणे, मांसाबरोबर मासेही दिले!

तेवढ्यात कादिरकुलचा फोन वाजला.

“वर डोंगरात काळंकुट्ट झालंय,” एजे ओरडत होती. “खिंडीत दरड पडलीय, पाणी मागे तुंबतंय. फुटलं की सगळं खाली येईल. उठा तिथून!”

“एजे, इथं नदी आटलीय आणि तू पूर सांगतेस?”

“आटलीय म्हणूनच सांगतेय, गाढवा! चढलेली नदी दिसते तरी!”

“तुझ्या वाटचं मांस पाठवतो, रुसू नकोस,” म्हणत त्यानं फोन बंदच करून टाकला. सगळे खो खो हसले.

थोड्या वेळानं माझ्या बायकोनं वर बोट दाखवलं. एजेच्या छपरावर काठी, काठीला पांढरं फडकं. आमच्यात म्हातारं माणूस गेलं की घरावर पांढरं लावतात. ते दिसलं की हातातलं टाकून निघायचं. वैऱ्याच्या घरीसुद्धा.

“आत्ता तर बोलली माझ्याशी!” कादिरकुल पांढराफटक पडला.

“मांस शिजू द्या की, ती काय पळून जातेय?” कुणीतरी पुटपुटलं. त्याच्या बायकोनं त्याच्याकडे असं पाहिलं की तो सगळ्यात आधी घोड्यावर बसला.

निघालो. तान्ही पोरं, लंगडे, आंधळी आजी, सगळे. घर दिसताच रिवाजाप्रमाणे पुरुषांनी गळा काढला, “मायेची बहीण गेली गंऽऽ! आता आमची काळजी कोण करील गंऽऽ!” एकटी राहणारी बाई मेली, तर फडकं बांधलं कुणी? एवढ्या डोक्यांत एकालाही हे सुचलं नाही.

एजे उंबऱ्यावर बसली होती. डोळे मिटून ऐकत.

“थांबलात का?” ती म्हणाली. “चाललं होतं ते छान होतं.”

कुणी किंचाळलं, कुणी शिव्या दिल्या. कादिरकुल रागानं घोडा वळवत होता, तोच खिंड गरजली. पायाखालचा कडा हादरला. चिखल, शिळा, अख्खी झाडं खाली गेली. आमच्या कढया, मेंढी, मासे, बसायच्या सतरंज्या, जिथं मी कांदा चिरत होतो ती जागा, काही उरलं नाही.

मग एजेनं चहा ठेवला. पेले दोनच, म्हणून आळीपाळीनं प्यालो.

“एवढे सगळे आलात,” ती हळूच म्हणाली. “नवरा गेला त्यानंतर पहिल्यांदाच.”

कादिरकुल मान खाली घालून चहा फुंकत राहिला.

तुम्हाला वाटेल, मग गाव रोज तिच्याकडे जायला लागलं. छे! चढ तोच, कामं तीच. कादिरकुल तेवढा फोनवर थांबायला लागला. घोडी, शिंगरू, बायकोचे गुडघे, सगळं सांगायचा.

पुढं एका शरदात सकाळी फोन आलाच नाही. कादिरकुल आणि मी वर गेलो. चूल गार होती. काठी कोपऱ्यात होती, फडकं धुऊन घडी घालून तिच्याच पेटीवर ठेवलेलं. मी छपरावर चढून ते बांधलं.

खाली लोक घराबाहेर आले. आधी सगळ्यांनी नदीकडे पाहिलं. नदी नेहमीसारखीच वाहत होती. मग एकेक जण डोक्यावरची टोपी सारखी करत चढ चढायला लागला.