आखूड नळीचं पिस्तूल

आमच्या बैठकीच्या खोलीत काचेचं एक कपाट होतं. इतरांच्या घरी अशा कपाटात नक्षीचे कप, प्लास्टिकची फुलं आणि कुणाच्या तरी शाळेतली ढाल असते. आमच्याकडे पिस्तुलं होती. चार. माणसं मारायची नव्हेत. नेमबाजीच्या स्पर्धेत वापरतात ती, हवेच्या दाबावर छर्रा सोडणारी. त्यांना तेव्हा परवाना लागत नसे. पण हे प्रत्येक पाहुण्याला बसवून समजावून सांगावं लागे, आणि सांगायला मला भारी आवडे.

मी तेव्हा तिशीतली. जालन्यात मुलींच्या शाळेत खेळाची बाई. आमचे हे एमआयडीसीत बियाण्याच्या कारखान्यात, आणि घरी सासूबाई. त्यांना मी आत्याबाई म्हणत असे. शाळेच्या कामानं एकदा मी मुली घेऊन मोठ्या स्पर्धांना गेले होते. तिथं नेमबाजीच्या दालनात दारावर उभं राहायची पाळी माझ्यावर आली, आणि एका टेबलावर पहिल्यांदा असलं पिस्तूल पाहिलं. पोलाद बाजूला राहू द्या, मी भुलले ती मुठीला. अक्रोडाच्या लाकडात बोटांसाठी खाचा, अंगठ्यासाठी उतार, तळहात टेकायला खाली छोटी फळी. कुणाचा तरी हात लाकडात उतरवून ठेवल्यासारखा. पुढं वायूच्या नळकांडीवर चालणारी नवी पिस्तुलं आली, तशी दांडा ओढून हवा भरायची ही जुनी पिस्तुलं लोक काढून टाकू लागले. मी गोळा करू लागले.

गोळा तरी काय? एकाच विदेशी कारखान्याचं एकच पिस्तूल, पण तऱ्हा निरनिराळ्या. एकाला नळीखाली वजन लावायची सोय, एकाचा चाप खटका फिरवला की जड व्हायचा, एकाची नेम धरायची मागची खाच अगदी पहिल्या घडणीतली. बघणाऱ्याला चारही सारखीच दिसत. हे म्हणत, "तू एकच पिस्तूल चारदा आणलंस." मी त्यांच्याकडे अशी बघे, की अडाणी माणसाशी लग्न लागलं हे माझं नशीब. पाहुणे चहाला येत आणि पिस्तुलांची वंशावळ ऐकून जात. शेवट ठरलेला असे. मी आवाज खाली आणून म्हणे, "याच जातीत आखूड नळीचं एक येतं. फार दुर्मीळ. आणि त्यातही डाव्या हाताच्या मुठीचं म्हणजे तर बघायलाच मिळत नाही." पाहुणा मान हलवी आणि बशीतल्या शेवटच्या चकलीकडे बघे.

ही एवढी जाणकार बाई पिस्तूल मारत मात्र नव्हती. एकदाच मारलं होतं. परसात पुठ्ठा उभा केला, उजवा हात लांब केला, श्वास रोखला, चाप ओढला. पुठ्ठा जसाच्या तसा. छर्रा गेला शेजारच्या काकूंनी वाळत घातलेल्या उडदाच्या पापडातून. काकूंनी पापड उचलला, भिंतीवरून डोकावल्या आणि त्या भोकाला डोळा लावून म्हणाल्या, "बाई, हा तळू का ठेवू?"

त्या दिवसापासून मी निव्वळ संग्राहक झाले.

ब्याण्णव-त्र्याण्णव साल असेल. आमच्या चित्रकलेच्या बाई बदनापूरहून रोज गाडीनं यायच्या. त्यांनी सांगितलं, की त्यांच्या गल्लीत एक म्हातारे राहतात, हैदराबादेत पोरांना नेमबाजी शिकवण्यात उमर घातलेले. गाव त्यांना उस्ताद म्हणतं. त्यांच्याकडे आखूड नळीचं एक पिस्तूल आहे. मला त्या दिवशी कवायत घेताना शिट्टी वाजवायचं सुचेना. रविवारी पहिल्या गाडीनं मी बदनापूर गाठलं.

उस्ताद अंगणात खाटेवर बसले होते. मी नमस्कार केला आणि लगेच सुरू झाले. कोणती घडण, कोणता चाप, माझ्याकडे काय काय आहे. ते डोळे मिटून ऐकत राहिले. मग आत जाऊन एका जुन्या शालीत गुंडाळलेली वस्तू घेऊन आले. शाल सोडली आणि मी पुढं वाकले. आखूड नळी. खरीखुरी. मी उजवा हात पुढं केला आणि पिस्तूल धरलं.

धरलं कसलं! मूठ हातात बसेना. तळव्यात फुगवटा टोचे, अंगठ्याला जागा नाही, खालची फळी बोटांच्या आड येई. मी उलटसुलट करून पाहिलं आणि भुवया उंचावून निकाल दिला, "उस्ताद, लाकूड फुगलंय. ओल लागली असणार. काही हरकत नाही, आमच्या सुताराकडून रंधा मारून घेता येईल."

माझ्यातल्या त्या बाईचे कान धरून तिला आज विचारावंसं वाटतं, की पाहुण्यांपुढं जे पाठ म्हणतेस ते कधी स्वतः ऐकलंस का?

उस्तादांनी माझ्या हाताकडे बघितलं. "फुगलंय? अच्छा," ते म्हणाले. "बाई, कपाटात ठेवणाऱ्याला मी हे देत न्हाई. कपाट माझ्याकडं बी हाये. पुढच्या ऐतवारी औरंगाबादचे एक साहेब येणार हायेत हे मागायला. त्याच्याआधी तू ये. माझ्यासमोर पाच छर्रे मार. पाचही पुठ्ठ्यावरच्या काळ्या गोलात गेले तर तुझं. न्हाई तर मी बांधील न्हाई. तोवर घरी ने, हात बसव."

"आणि रंधा?"

"तुझी मर्जी," म्हणाले आणि मिशीत हसले. ते हसू मला आदराचं वाटलं.

परतीच्या गाडीत मी ती शाल मांडीवर घेऊन बसले होते. पाच छर्रे काळ्यात! माझा एकुलता एक छर्रा पापडात गेलेला. ज्या पिस्तुलाची मी दहा वर्षं नुसती कथा सांगितली, ते मांडीवर होतं आणि आठवड्यानं निघून जाणार होतं. शेजारच्या बाईनं विचारलं, "बाळ किती महिन्यांचं?" मी म्हटलं, "आठ दिवसांचं." तिनं शालीवरून हात फिरवला आणि घाईघाईनं जागा बदलली.

दुसऱ्या दिवशी शाळेतून येताना सुताराला घेऊनच आले. तो परसात रंधा परजून बसला, मी खडूनं मुठीवर खुणा करू लागले. इथून इतकं काढ, इथून एवढं. आत्याबाई तुरीच्या शेंगा सोलत होत्या. त्या म्हणाल्या, "थांब रे जरा. काय करून राह्यली ग तू?"

"मूठ बसत नाही हातात. लाकूड फुगलंय."

"कोणत्या हातात?"

"म्हणजे? हातात."

"इकडं दे." त्यांनी पिस्तूल फिरवून पाहिलं, वाटीचं पितळ पारखावं तसं. "हे डाव्या हाताचं हाये."

"आत्याबाई, तुम्हाला यातलं काही..."

"पिस्तुलातलं मला काई कळत न्हाई," त्या म्हणाल्या. "पण तुझा डावा हात मला तुझ्यापेक्षा बराबर माहिताय. लगीन होऊन आल्यापासून त्याच्यावर नजर ठेवून राह्यले मी. झोपेत डास मारते तू त्यानं. धर."

खरं होतं ते. लहानपणी आईनं जेवताना माझा डावा हात पदरानं बांधून ठेवला होता. शाळेत गुरुजींनी त्यावर छडी ओढली होती. सासरी उरलंसुरलं काम आत्याबाईंनी केलं: "डाव्या हातानं वाढू न्हाई", "डाव्या हातानं देऊ न्हाई". सगळ्यांनी मिळून त्याला इतकं नीट झाकलं, की मी डावखुरी आहे हे मी स्वतःच विसरून गेले होते.

मी पिस्तूल डाव्या हातात घेतलं. आपली जुनी चप्पल अंधारातही पायात जावी तसा हात आत गेला. अंगठा उतारावर, तळवा फळीवर, प्रत्येक बोट आपापल्या घरात. नळीच्या टोकावरची नेमाची माशी मागच्या खाचेच्या मधोमध येऊन गपगार उभी राहिली. ज्याच्या गोष्टी सांगून मी पाहुण्यांचा चहा थंड केला, ते आखूड नळीचं डाव्या हाताचं पिस्तूल माझ्या हातात होतं, आणि त्यावर खडूच्या खुणा केलेल्या होत्या.

"मंग, मारू का रंधा?" सुतारानं विचारलं.

"चहा पी," मी म्हटलं.

आत्याबाईंनी त्या सबंध आठवड्याचा कायदा तिथंच सांगितला. "पिस्तूल डाव्या हातानं. वाढणं उजव्या हातानं. देवाला फूल उजव्या हातानं. मधी गडबड करायची न्हाई."

हौदापासून न्हाणीच्या भिंतीपर्यंत बरोबर दहा मीटर भरले. शाळेतून आले की मी पुठ्ठा लावायची. काकूंनी आपली खाट पापडांसकट गच्चीवर नेली. पहिला छर्रा पुठ्ठ्यावर लागला तेव्हा मी इतक्या जोरात ओरडले, की ह्यांनी दाढी करताना गाल कापून घेतला. मग रोज थोडं थोडं आत. काळ्याच्या कडेला, काळ्यात, परत बाहेर, परत आत. हात थरथरायचा, पण तो माझाच हात थरथरत होता. उजव्या हातानं मारताना नेहमी दुसऱ्या कुणाचा हात उसना घेतल्यासारखं वाटायचं.

घोटाळा झाला तो जेवणात. कोंडलेलं वासरू सुटावं तसा तो हात झाला. कुठंही पुढं. गुरुवारी मी ह्यांना कढी वाढली ती डाव्या हातानं. आत्याबाई ओरडल्या, "अगं बया!" हे ताट धरून मागं सरकले. "मला कोणता बी हात चालतो," म्हणाले. "फक्त वाढताना नेम धरू नको."

रविवारी आत्याबाई म्हणाल्या, मी बी येते. त्यांना घरात कुणी नाही म्हणत नसे. नवं लुगडं नेसून त्या माझ्यासोबत बदनापूरला आल्या. उस्तादांच्या अंगणात पाहते तर औरंगाबादचे साहेब आमच्याआधी हजर. चकचकीत बूट, पायाशी रिकामी पेटी, आत लाल मखमल अंथरलेली. पेटी त्याच पिस्तुलाच्या मापाची होती.

गल्लीतली माणसं कुंपणाला येऊन टेकली. उस्तादांनी भिंतीला पुठ्ठा लावला. मी जागेवर उभी राहिले, दांडा ओढला, छर्रा भरला. एवढी परकी माणसं, समोर म्हातारे उस्ताद, मागं सासू. आणि हातानं काय करावं? मुकाट्यानं जन्माची शिस्त पाळली. मी पिस्तूल उजव्या हातात घेतलं, कसंबसं दाबून धरलं आणि चाप ओढला. छर्रा भिंतीच्या गिलाव्यात. पुठ्ठा कोराच.

साहेबांनी हळूच पेटी पुढं ओढली.

तेवढ्यात मागून आत्याबाईंचा आवाज आला. गावाकडं घनसावंगीच्या शेतात एका बांधावरून दुसऱ्या बांधावर हाक द्यायच्या, तो आवाज. "अगं डाव्या हातानं मार की! डाव्या!"

कुंपणावरची माणसं हसली. मीही हसले, आणि हसता हसता खांदा सैल झाला. पिस्तूल डाव्या हातात घेतलं. मग मला ना सासू दिसली, ना साहेब. एक छर्रा काळ्यात. दुसरा काळ्यात. तिसरा, चौथा.

"चारच झाले," साहेब म्हणाले. ते सज्जन होते, पण मखमल सोबत आणली होती. "पहिला बाहेर गेला."

"तो उजव्या हाताचा होता," उस्ताद म्हणाले. "उजवा हात ह्या पिस्तुलाचा न्हाई. मी त्याला हिसाबात धरत न्हाई. बाई, अजून एक."

हा शेवटचा. मी छर्रा भरला तर तो बोटांतून निसटून मातीत पडला. दुसरा घेतला. हात वर नेला, माशी खाचेत आली, थरथरली, ठरली. चाप कधी ओढला ते कळलंसुद्धा नाही.

उस्ताद पुठ्ठा काढून घेऊन आले. चार भोकं काळ्यात. पाचवं अर्धं काळ्यावर, अर्धं पांढऱ्यावर. उस्तादांनी पुठ्ठा साहेबांपुढं धरला. साहेबांनी चष्मा पुसला, पुठ्ठा उन्हाकडे केला, पुन्हा पुसला.

"रेषेला लागला की आतला धरतात," शेवटी साहेब म्हणाले आणि पेटीचं झाकण लावलं. "आतला आहे, बाई." मग पेटीच त्यांनी माझ्यापुढं केली. "आता मी हिचं काय करू? तुमच्याकडंच राहू द्या."

उस्तादांनी पिस्तूल शालीनं पुसलं. मुठीवर अजून माझ्या खडूच्या खुणा होत्या. त्यांनी त्या अंगठ्यानं घासून काढल्या. "फुगलं होतं म्हणे," ते म्हणाले, आणि गुडघ्यावर हात मारून इतके हसले की त्यांना ठसका लागला. पाणी आणायला मीच धावले.

आम्ही निघालो, तर आत्याबाई उठेनात. खाटेवर पदर सावरून बसल्या होत्या आणि पुठ्ठ्यातल्या भोकांवरून करंगळी फिरवून बघत होत्या.

"उस्ताद," त्या म्हणाल्या, "उजव्या हाताचं न्हाई का तुमच्याकडं एखादं?"

"आत्याबाई," मी म्हटलं, "घरी चार आहेत की उजव्या हाताची!"

"ती बघायची हायेत," त्या म्हणाल्या. "मी मारायचं विचारून राह्यले."

जालन्याला पोचल्यावर त्यांनी आधी कपाट उघडायला लावलं, मग पाय धुतले. चारांतलं सगळ्यात जड निवडलं. ह्यांना पुठ्ठा लावायला पिटाळलं, आणि मी गच्चीवर जाऊन काकूंना सांगितलं, की आजपासून नेमबाज दोन.