टाचणी मीच टोचली होती

येत्या गुरुवारी संध्याकाळी आठ वाजता ती मालिका संपणार आहे. सोळा वर्षं चालली. शेवटचा भाग मी बघणार आहे, कुणी कितीही हसलं तरी. मोशीतल्या आमच्या सोसायटीच्या बाकावर बसणाऱ्यांना हे पटत नाही. एकानं विचारलंच, "राव, सत्तरीला आलात आणि हवेत उडणारी बाई बघताय?" मी म्हणालो, ती उडत नाही. ती लिफ्ट दुरुस्त करते, आणि लोखंडाला हात लागला की तिच्या अंगात दहा माणसांचं बळ येतं. नावं ठेवायची तर माहिती घेऊन ठेवा.

चाकणच्या एका कारखान्यात मी मेंटेनन्सला इलेक्ट्रिशियन होतो. आमच्या पट्ट्यात कंपन्यांची सुट्टी गुरुवारी. बाकीचे दिवस शिफ्ट आणि ओव्हरटाइम. मुलगी जागी व्हायच्या आत मी बसमध्ये असायचो. मालिकाही गुरुवारीच लागायची, आणि मुलगी तिचा एकही भाग सोडायची नाही.

मुलगी दहावीत होती तेव्हाची गोष्ट. एका गुरुवारी दुपारी घरात कुणी नसताना मी टीव्हीमागच्या केबलमध्ये टाचणी टोचली. आतली तार आणि तिच्याभोवतीची जाळी एकमेकींना टेकली की चित्र जातं. टाचणीचं डोकं पकडीनं छाटलं, म्हणजे वरून काही दिसायला नको. संध्याकाळी पडद्यावर नुसत्या मुंग्या. मी म्हणालो, केबलवाल्याचं काम असलंच.

केबलवाला पुढच्या गल्लीतला मुसलमान तरुण होता. वडिलांच्या गॅरेजच्या अर्ध्या गाळ्यातून त्याचा धंदा चालायचा. तो तीन वेळा आला. भर उन्हात गच्चीवर चढला, जोड बदलले, परत खाली येऊन बघितलं. तिसऱ्या वेळी म्हणाला, घरातली वायर बदलून बघू. मी नको म्हणालो, भिंतीचा रंग खराब होईल. आणि त्यानंतर सोसायटीच्या सभेत उभा राहून मी सांगितलं की हा माणूस आपल्याला फसवतोय. वर एक वाक्य जोडलं, "ही लोकं अशीच." माना डोलल्या. दोन महिन्यांत आमच्या तिन्ही इमारतींवर डिशच्या छत्र्या लागल्या आणि त्याची केबल गेली.

निवृत्त झाल्यावर ती मालिका मी मोबाइलवर पहिल्या भागापासून पाहिली. एकही भाग सोडला नाही. का पाहिली, ते तेव्हा स्वतःलाही सांगितलं नाही.

गेल्या महिन्यात मालिका संपणार असल्याचं जाहीर झालं आणि मुलीचा हिंजवडीहून फोन आला. ती तिथं कंपनीत आहे. शेवटचा भाग बघायला मोशीला येते म्हणाली. "दहावीत माझे दहा भाग बुडाले, बाबा. त्या केबलवाल्याला मी अजून माफ केलेलं नाही." ती हसत होती.

दुसऱ्या दिवशी मी त्याच्या दुकानात गेलो. आता तो मिक्सर आणि पंखे दुरुस्त करतो. दाढी पिकायला लागली आहे. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं, टाचणीपासून सभेतल्या वाक्यापर्यंत. त्यानं हातातला स्क्रू पुरता आवळला, मग वर पाहिलं.

"तीन वेळा चढलो, काका. दोष सापडेना म्हणून मला वाटलं, आपल्याला कामच येत नाही. केबल गेल्यावर वर्षभर दुसऱ्याच्या हाताखाली राबलो, पहिल्यापासून शिकलो." मग म्हणाला, "मला एकट्याला काय सांगता? जिथं बोललात, तिथं बोला."

मी एक पान लिहिलं आणि सोसायटीच्या फलकावर लावलं. दुपारपर्यंत सेक्रेटरींनी ते काढलं. म्हणाले, निदान नावं तरी गाळा, सोसायटीची बदनामी होते. मी त्यांना कंपनीची पद्धत सांगितली. मेंटेनन्सवाला मशीनची लाइन बंद करतो तेव्हा स्विचला कुलूप घालून स्वतःच्या नावाची पाटी अडकवतो. ज्याची पाटी, त्यानंच ती काढायची; मॅनेजरही हात लावत नाही. आयुष्यात एकदाच मी नाव न लावता लाइन बंद केली. आता पाटी लागली आहे, ती तुम्ही काढू नका. त्यांनी दोनदा काढली. तिसऱ्यांदा मी चिकट डिंकानं लावली.

बाकावर एक जण म्हणाला, जुनी मढी कशाला उकरता. मी म्हणालो, मढं कुठलं? माणूस जिवंत आहे, पुढच्या गल्लीत दुकानात बसतो. त्यानंतर माझ्या शेजारची जागा रिकामी असते. असू दे. पाय पसरता येतात.

मुलीला मी सांगायच्या आत त्या पानाचा फोटो पोहोचला होता. दोन दिवस तिनं फोन घेतला नाही. तिसऱ्या दिवशी स्वतः केला. कंपनीच्या गाडीत होती. मागं ट्रॅफिकचे हॉर्न वाजत होते. म्हणाली, "दहावी होती म्हणूनच केलंत ना?"

हो म्हणणं सोपं होतं. चौदा वर्षं स्वतःला तेच सांगत आलो होतो.

"नाही," मी म्हणालो. "तू अभ्यास करतच होतीस. मला आठवड्यात एक संध्याकाळ मिळायची आणि तू त्या बाईकडे बघत बसायचीस. टीव्ही गेला तर माझ्याशी बोलशील असं वाटलं."

"मग बोलले का मी?"

"नाही. पुस्तक घेऊन आत गेलीस."

मग ती म्हणाली, "गुरुवारी मी त्यांच्या दुकानात बघणार आहे. त्यांना विचारलंय. तुम्हाला यायचं असेल तर तुमचं तुम्ही विचारा."

आज सकाळी विचारून आलो. तो म्हणाला, मुलीला हो म्हटलंय, तुमचं अजून ठरलेलं नाही. बरोबर आहे त्याचं. तरी मी गुरुवारी पावणेआठला जाणार आहे. आत घेतलं नाही तर बाहेर उभा राहीन. त्याच्या दुकानातला टीव्ही रस्त्यावरून दिसतो, मी बघून आलोय.