दाढेचा खड्डा

मागच्या उन्हाळ्यात बीडला जाऊन मी खालची एक दाढ काढून घेतली. डॉक्टर बाई माझ्या लेकीच्या वयाच्या. सुई द्यायच्या आधी त्यांनी विचारलं, "तंबाखूची सवय आहे का?" मी तोंड उघडायच्या आत आमचे मालक म्हणाले, "आमच्या घरात कुणाला कसलंच व्यसन न्हाई, म्याडम. चहा तेवढा लागतो."

ते खोटं बोलले नाहीत. आमच्याकडे मिश्रीला कोणी व्यसन म्हणत नाही. दात घासणं म्हणतात. सासूबाई, त्यांना मी आत्या म्हणते, दर बाजाराच्या दिवसानंतर तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजतात आणि कुटून डब्यात भरतात. लग्नाच्या पहिल्या वर्षी माझा दात ठणकला तेव्हा त्यांनीच चिमूटभर माझ्या हातावर ठेवली होती. तेव्हापासून दिवसातून चार वेळा. मला बोलायचं होतं, पण मालकांचं म्हणणं परक्या बाईसमोर खोडायचं धाडस झालं नाही. मी वरच्या दिव्याकडे बघत राहिले.

परत येताना जीपमध्ये डॉक्टर बाईंनी दिलेला कागद वाचला. जोरात थुंकू नका, जोरात चूळ भरू नका, तंबाखू व मिश्री लावू नका. मिश्री असं स्पष्ट छापलं होतं. मी कागदाची घडी घातली.

पहिला दिवस काढला. दुसऱ्या दिवशी सकाळी डोकं जड झालं, हात चालेना. दाढ डावीकडची, आपण उजवीकडे लावू, असं मनाशी म्हणून चिमूट घेतली. वास राहू नये म्हणून दोनदा खळखळून चूळ भरली. संध्याकाळी पुन्हा तेच केलं.

तिसऱ्या दिवशी कळ सुरू झाली ती कानातून कपाळापर्यंत. तोंडाला घाण वास. भाकरीचा घास चावेना. आत्या म्हणाल्या, "त्या भोकात मिसरी दाब. मरतंय दुखणं." आणि मी दाबली. घटकाभर बधीर वाटलं, मग दुप्पट कळ आली.

चौथ्या दिवशी सकाळी मालक पायजमा घालून तयार झाले. मी म्हणाले, "मी एकटी जाते."

"एकटी कावून? काय सांगायचं ते मी सांगतो की."

"न्हाई. मलाच सांगायचंय."

दवाखान्यात एकटीनं जायची ती पहिलीच वेळ. जीप बीडच्या अलीकडच्या पालीजवळ आली तरी मी बाईंना सांगायचं तेच एक वाक्य पदराआड पुटपुटत होते. डॉक्टर बाईंनी आत बघितलं आणि विचारलं, "जोरात चूळ भरली का?"

"भरली. आणि मिश्री लावली. त्या खड्ड्यातसुद्धा दाबली. लई वर्षांपासून लावते. त्या दिवशी मालक म्हणाले, ते त्यांच्या हिशोबानं खरं होतं. माझ्या न्हाई."

वाटलं, आता ओरडतील. त्या थोड्या हसल्या. म्हणाल्या, "सांगितलंत ते बरं केलंत." मग समजावलं. दाढ निघाली की त्या जागी रक्ताची गाठ बसते. जखमेवर खपली धरते तशीच ती. ती निघून गेली की खालचं हाड उघडं पडतं, म्हणून एवढं दुखतं. त्यांनी कोमट मिठाच्या पाण्यानं खड्डा हळूच धुतला आणि लवंगेच्या वासाच्या औषधात भिजवलेली बारीक पट्टी आत भरली. धुताना मी खुर्चीचा दांडा घट्ट धरला होता. पंधरा-वीस मिनिटांत कळ ओसरली. "एक दिवसाआड पट्टी बदलायला या," त्या म्हणाल्या. "पण मिश्री लावलीत तर मी कितीही भरलं तरी उपयोग नाही."

घरी आले तर आत्यांनी वास घेतला. "लवंगेसाठी बीडला जावं लागतंय व्हय? आपल्या मसाल्याच्या डब्यात लवंग काय कमी होती?"

"आत्या, मला आता मिसरी नको."

"दुखणं हाय तवर?"

"न्हाई. आता कधीच न्हाई."

"बघू की किती दिस," म्हणून त्यांनी माझ्यासमोरच बोट दातावर फिरवलं.

पुढच्या बाजारानंतर त्यांनी तवा चुलीवर ठेवला. त्या वासानं तोंडाला पाणी सुटलं. मी उठून शेळ्यांकडे गेले आणि भाजून होईपर्यंत गोठा झाडला. झाडून झालेलाच पुन्हा झाडला. चार वेळा पट्टीसाठी बीडला गेले. दर वेळी बाईंनी विचारायच्या आतच मी सांगत होते, लावली नाही. चौथ्यांदा त्या म्हणाल्या, आता पट्टी नको, मांस भरत आलंय.

त्या दिवशी जेवताना मालकांनी विचारलं, "कशानं चिघळलं म्हणे?" मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, "पण मिसरीला कुणी व्यसन म्हणतं का?"

"मी म्हणते," मी म्हणाले. त्यांनी भाकरी मोडली.

आता वरची एक दाढ हलते आहे. तीही काढावी लागणार. हिरड्या खराब झाल्यात, असं बाई म्हणाल्या. सकाळी अजून तलफ येते. तेव्हा मी पाण्याची घागर उचलते आणि बाहेर पडते. परत येईपर्यंत तलफ गेलेली असते. एखाद्या दिवशी जात नाही. मग दुसरी खेप करते.