वारा फिरला ती तीन मिनिटं

ईरा, नील, आजी सैन्यात काय करायची, असं तुम्ही फोनवर विचारलंत. एका दुपारचं सांगते.

पोस्टिंग हवाईतल्या हिलोच्या आपल्या घरापासून पाऊण तासावर होतं, किलाउएआ ज्वालामुखीच्या नॅशनल पार्कला लागून. जमीन फाटून लाव्हा वस्तीकडे येत होता. पार्क बंद, रस्ते बंद. आमची तुकडी राखीव सैन्याची. सहाला फॉल-इन, म्हणजे रांगेत हजेरी, साडेसहाला गॅस मीटर आणि मास्कची तपासणी, सातला गस्त. गस्तीने घरं रिकामी करायची. रोडब्लॉकवरच्या सार्जंटने खांबाला बांधलेल्या फितीवर नजर ठेवायची आणि वारा फिरला की त्या क्षणी रेडिओवर कळवायचं. गंधकाचा विषारी वायू वाऱ्याबरोबर येतो.

गस्त नेहमी सार्जंट नलानीकडे, फीत नेहमी माझ्याकडे. सेवेत मी तिच्याहून चार वर्षं जुनी. पण ती तिथेच वाढलेली. पोरं तिला ‘बॉस’ म्हणत, मला ‘आंटी’. फर्स्ट सार्जंटची, म्हणजे तुकडीच्या मुख्य सार्जंटची, जागा रिकामी होणार होती आणि ती तिलाच मिळणार, हे सगळे धरून चालले होते. मला ती हवी होती. नलानीचं हसणंसुद्धा मला खुपायचं.

सकाळी ९:४० ला मी वारा फिरल्याचं कळवलं.

"कॉपी, आंटी," नलानी म्हणाली. "कड्यावरची झुळूक आहे, जाईल. फितीला तुमचा आल्याचा चहा पाजा."

रेडिओवर सगळे हसले. झुळूक खरंच गेली.

दुपारी १४:१० ला फीत पुन्हा फिरली. मी माइक उचलला आणि खाली ठेवला. पुन्हा हसं नको होतं. पण तेवढंच नव्हतं. तिचं एकदा तरी चुकावं, असं मला वाटत होतं.

१४:१३ ला मी कळवलं. "वारा तुमच्याकडे. बाहेर या."

"कॉपी. एक म्हातारबा आहेत, मास्क नाही. माझा देतेय." मग खोकला. "निघालो."

१४:२४ ला ती धुरातून आली. म्हातारबांचा हात तिच्या खांद्यावर होता, मास्क त्यांच्या तोंडावर. त्यांना जीपमध्ये बसवून ती रस्त्यातच खाली बसली.

"थँक्स, आंटी. लगेच सांगितलंत."

मी लॉगबुकात लिहिलं: वारा फिरला, १४:१३. खरी वेळ आज पहिल्यांदा लिहिते आहे.

तिची फुप्फुसं पुन्हा सुधारली नाहीत. फर्स्ट सार्जंट मी झाले. पुढच्या वर्षी ती हॉस्पिटलमध्येच वारली.

आमच्यात गेलेल्या सैनिकासाठी शेवटची हजेरी घेतात. ती फर्स्ट सार्जंटनेच घ्यायची असते. मी तिच्या गस्तीतल्या चौघांची नावं घेतली. चौघांनी "हिअर, फर्स्ट सार्जंट" म्हटलं. मग तिचं नाव घेतलं. कोणी बोललं नाही. रँकसकट पुन्हा घेतलं. पोरं समोर ताठ उभी राहून रडत होती. माझ्यासाठी ही अशी रडणार नाहीत, हे तिथेही माझ्या मनात आलं.

नियम तीनदा पुकारण्याचा आहे. मी तिसऱ्यांदा तिचं पूर्ण नाव पुकारलं आणि उत्तरासाठी थांबले.